एसएटीच्या गणितासाठी खान अकादमी, ब्लूबुक आणि प्रश्नपेढी: मोफत साधनांचे सविस्तर परीक्षण

अमेरिकेतल्या मराठी घरांत मूल हायस्कूलच्या अकरावीत गेले की महाविद्यालय प्रवेशासाठीच्या एसएटी या परीक्षेची चर्चा सुरू होते, आणि गणिताचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. आपल्या मुलांना गणिताची वेगळी तयारी कशाला हवी, असे काहींना वाटते. तर महागड्या शिकवणीशिवाय आठशेपैकी सातशेच्या वर गुण मिळतच नाहीत, अशी काहींची खात्री असते. माझ्या मुलीच्या तयारीच्या काळात खान अकादमीचा डिजिटल एसएटी गणिताचा अभ्यासक्रम, ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेचे ब्लूबुक हे ॲप आणि त्याच संस्थेची प्रश्नपेढी ही तीन मोफत साधने मी तिच्याबरोबर बसून वापरली. त्यांतली बरीच उदाहरणे स्वतः सोडवून पाहिली आणि त्यावरून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. अभ्याससाहित्य म्हणून ही तीन साधने पुरेशी आहेत आणि दर्जेदारही आहेत; परंतु चूक झाली हे सांगणे आणि ती का झाली हे शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांपैकी दुसरे काम यांतले एकही साधन नीट करत नाही. ते घरातल्या मोठ्या माणसाने हाती घेतले, तरच या साधनांचे खरे मोल हाती लागते.

ही तयारी आता टाळण्यासारखी राहिलेली नाही. महासाथीच्या काळात असंख्य विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, आणि डार्टमथ, ब्राउन व हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये तसाच निर्णय जाहीर केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाची महाविद्यालये मात्र प्रवेशासाठी हे गुण पाहतच नाहीत, तेव्हा मूल कुठे अर्ज करणार आहे याची यादी आधी करावी आणि मगच किती वेळ या परीक्षेला द्यायचा ते ठरवावे.

परीक्षेचे स्वरूप नीट समजल्याशिवाय साधनांचे गुणदोष कळत नाहीत. अमेरिकेबाहेर मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून एसएटी संगणकावर घेतली जाते. गणिताचे एकूण ४४ प्रश्न असतात. ते २२-२२ प्रश्नांच्या दोन भागांत विभागलेले असतात आणि प्रत्येक भागाला ३५ मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला साधारण दीड मिनिट. गुण २०० ते ८०० या पट्टीवर मिळतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही. सुमारे तीन चतुर्थांश प्रश्नांना चार पर्याय असतात आणि उरलेल्या प्रश्नांची उत्तरे स्वतः टाइप करावी लागतात. बीजगणित आणि प्रगत गणित या दोन विभागांना मिळून सुमारे सत्तर टक्के वाटा आहे. विदा (डेटा) विश्लेषण व टक्केवारी-प्रमाण यांचा एक विभाग आणि भूमिती-त्रिकोणमितीचा दुसरा विभाग यांना प्रत्येकी सुमारे पंधरा टक्के. सूत्रांचा तक्ता पडद्यावर उपलब्ध असतो आणि गणकयंत्र संपूर्ण परीक्षाभर वापरता येते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी पहिल्या भागातल्या कामगिरीवर ठरते. पहिला भाग चांगला गेला तर दुसरा अवघड येतो, आणि पहिल्यात फार चुका झाल्या तर दुसरा सोपा येतो; पण त्या सोप्या वाटेने गुणांचे वरचे टोक गाठता येत नाही. म्हणून पहिल्या भागातल्या सोप्या उदाहरणांमध्ये घाईने होणाऱ्या चुका पूर्वीच्या कागदी परीक्षेपेक्षा अधिक महाग पडतात. पुढे जे काही लिहिणार आहे त्यामागे हा मुद्दा आहे.

आता खान अकादमीविषयी. सलमान खान यांनी २००४ च्या सुमारास बोस्टनमधून न्यू ऑर्लिन्समधल्या नादिया या आपल्या नात्यातल्या मुलीला दूरध्वनीवरून आणि संगणकावरून गणित शिकवायला सुरुवात केली. त्यातूनच ही संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने ना-नफा संस्थेचे रूप घेतले. कॉलेज बोर्डाशी करार करून २०१५ पासून ती एसएटीचे अधिकृत सराव साहित्य विनामूल्य देते. एका मुलाला शेजारी बसवून समजावण्याची ती मूळ वृत्ती आजही अभ्यासक्रमात जाणवते, आणि मला ती फार मोलाची वाटते. बीजगणित, विदा विश्लेषण, प्रगत गणित आणि भूमिती हे चारही विभाग पायाभूत, मध्यम आणि प्रगत अशा तीन पातळ्यांवर मांडलेले आहेत. प्रत्येक कौशल्यासाठी एखादे उदाहरण सोडवून दाखवणारी चित्रफीत असते, वाचण्यासाठी टिपण असते आणि त्यानंतर सराव. अडल्यावर एकेक पायरीची सूचना उघडत जाते. जाहिराती नाहीत, आणि उकल करताना चढ म्हणजे काय किंवा स्थिर पद आलेखावर कुठे दिसते यासारखी पायाभूत गोष्टही पुन्हा सांगायला लेखक कंटाळत नाहीत.

ज्या मुलाचे आठवी-नववीचे बीजगणित कच्चे राहिले आहे, त्याच्यासाठी पायाभूत पातळी हा या अभ्यासक्रमाचा उत्तम भाग आहे. मूल शाळेत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोहोचलेले असले तरी रेषीय असमीकरणाची शाब्दिक मांडणी त्याला जमेलच असे नाही, आणि एसएटीमध्ये तर अशाच उदाहरणांची गर्दी असते. हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांनाही ही पातळी वगळू देऊ नये. तिथे त्यांचा वेळ फार जात नाही, आणि जिथे जातो तिथेच नेमकी फट असते.

तरीही केवळ खान अकादमीवर विसंबून राहणाऱ्या मुलाची परीक्षेत निराशा होऊ शकते, आणि त्याचे कारण अभ्यासक्रमाच्या रचनेतच आहे. सराव कौशल्यवार लावलेला असल्यामुळे प्रश्न वाचण्याआधीच मुलाला ठाऊक असते की हे वर्गसमीकरणाचे उदाहरण आहे किंवा हे घातांकी वाढीचे. परीक्षेत मात्र निम्मे काम हे ओळखण्यातच असते. एखाद्या भांड्यातल्या औषधाचे प्रमाण दर चार तासांनी अर्धे होते असे वर्णन समोर आल्यावर इथे घातांकी फल लागेल हे कोणी सांगत नाही, आणि ते शीर्षकाशिवाय सुचण्याची सवय लागली नसेल तर उत्तम सरावही निरुपयोगी ठरतो. शिवाय नेहमीच्या सरावाला घड्याळ नाही. ‘प्रावीण्य’ दाखवणारे निळे-जांभळे चौकोन भरत गेले की मुलाला आणि पालकांनाही समाधान वाटते; पण ते चौकोन इतकेच सांगतात की प्रकार आधी ठाऊक असताना आणि वेळेचे बंधन नसताना हे उदाहरण सुटते. विभागाच्या शेवटची चाचणी आणि संपूर्ण अभ्यासक्रमावरची आव्हान चाचणी यांत उदाहरणे मिसळलेली असतात, म्हणून मी या दोन चाचण्यांवर अधिक भर देण्याचा आग्रह धरीन.

माझी शिफारस अशी की अभ्यासक्रम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने करू नये. आधी ब्लूबुकवर एक पूर्ण चाचणी द्यावी, तिच्यातून कोणती कौशल्ये डळमळीत आहेत ते पाहावे, तेवढीच खान अकादमीवर घ्यावीत आणि मग पुन्हा मिश्र सरावाकडे यावे.

ब्लूबुक हे प्रत्यक्ष परीक्षा ज्या ॲपवर होते तेच ॲप आहे, आणि त्यातल्या पूर्ण लांबीच्या सराव चाचण्या विनामूल्य आहेत. या चाचण्या खऱ्या परीक्षेप्रमाणेच दुसरा भाग बदलतात, त्यामुळे त्यांतून मिळणारा अंदाज इतर कोणत्याही साहित्यापेक्षा विश्वासार्ह असतो. घड्याळ लपवण्याची सोय, चुकीचे पर्याय खोडण्याची सोय, प्रश्नावर खूण करून नंतर परत येण्याची सोय हे सारे हाताळून अंगवळणी पडते. एका भागात पुढे-मागे जाता येते, परंतु तो भाग संपला की तिथे परत जाता येत नाही, ही गोष्ट मुलांनी परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा अनुभवू नये. चाचणी संपल्यावर प्रत्येक प्रश्नाची उकलही वाचायला मिळते. या चाचण्यांची संख्या मर्यादित आहे, म्हणून त्या जपून वापराव्यात. पाठोपाठच्या शनिवारी एकेक चाचणी देऊन संपवून टाकण्याची घाई मी अनेक घरांत पाहिली आहे. दोन चाचण्यांच्या मध्ये चुकांवर काम झाले नसेल, तर दुसरी चाचणी पहिलीचेच गुण परत सांगते. आणि अर्ध्यावर थांबून, जेवून येऊन, फोन शेजारी ठेवून दिलेल्या चाचणीच्या गुणांना काही अर्थ नसतो.

ब्लूबुकमध्येच डेस्मॉस हे आलेख काढणारे गणकयंत्र आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रात शिकलेल्या पालकांचा खरा अडथळा इथे असतो. आपल्यापैकी बहुतेकांना दहावी-बारावीच्या परीक्षेत गणकयंत्राला हात लावण्याची मुभा नव्हती, पायऱ्यांना गुण होते, आणि आलेख पाहून उत्तर काढणे ही आपल्या लेखी पळवाट होती. एसएटीत पायऱ्या कोणी पाहत नाही. समजा, य = क्ष² − ६क्ष + क हा परवलय (पॅराबोला) आणि य = २क्ष − १ ही रेषा एकाच बिंदूत भेटतात आणि क ची किंमत विचारली आहे. आपण दोन्ही बाजू समान मांडून क्ष² − ८क्ष + (क + १) = ० हे समीकरण मिळवू, विवेचक शून्य घेऊ, म्हणजे ६४ − ४(क + १) = ०, आणि क = १५ हे उत्तर काढू. मूल डेस्मॉसमध्ये दोन्ही समीकरणे टाकते, क साठी सरकपट्टी तयार करते आणि परवलय रेषेला स्पर्श करेपर्यंत ती सरकवते. त्यालाही १५ हेच उत्तर मिळते आणि स्पर्शबिंदू (४, ७) समोर दिसतो.

या दोन्ही रीती मुलाला यायला हव्यात असे माझे ठाम मत आहे. उत्तर पूर्णांक असेल तेव्हा सरकपट्टी उत्तम चालते, पण उत्तर ६१/४ असे अपूर्णांकात असेल तर डोळ्यांनी स्पर्श ठरवणे फसवे असते, आणि तिथे विवेचक हाच खात्रीचा मार्ग आहे. उलट, दोन समीकरणांची उकल किंवा दिलेल्या विदेवर बसणारी रेषा काढायची असेल, तेव्हा हाताने आकडेमोड करणे म्हणजे मिनिटे वाया घालवणे होय. आणखी एक प्रकार असा आहे की जिथे यंत्र उघडण्याचीच गरज नसते. ३क्ष + क·य = ७ आणि ६क्ष + १०य = ५ या जोडीला उकल नाही, तर क किती, या प्रश्नाचे उत्तर सहगुणकांचे प्रमाण पाहताच ५ असे मिळते; आलेख काढत बसलेले मूल इथे मागे पडते. कोणत्या उदाहरणाला कोणती रीत, हा विवेक खान अकादमीच्या चित्रफितींतून काही प्रमाणात मिळतो, परंतु तो खऱ्या अर्थाने तयार होतो तो एकच उदाहरण दोन्ही रीतींनी सोडवून वेळ ताडून पाहिल्यावर. डेस्मॉसच्या संकेतस्थळावर परीक्षेतल्या आवृत्तीचा स्वतंत्र सरावही करता येतो, आणि तो जरूर करावा.

प्रश्नपेढीची माहिती आपल्याकडे तुलनेने कमी लोकांना असते, याचे मला आश्चर्य वाटते. कॉलेज बोर्डाच्या या पेढीतून विभाग, कौशल्य आणि काठिण्यपातळी निवडून प्रश्न काढता येतात, आणि सध्या चालू असलेल्या सराव चाचण्यांतले प्रश्न वगळण्याची सोयही तिच्यात आहे. ती सोय वापरावीच, नाहीतर जपून ठेवलेली चाचणी आधीच फुटते. वरच्या गुणांकडे जाणाऱ्या मुलासाठी अवघड पातळीचे प्रगत गणिताचे प्रश्न इथे मिळतात. खान अकादमीच्या प्रगत पातळीनंतर नेमकी याचीच गरज भासते. वेगवेगळ्या कौशल्यांचे दहा-बारा प्रश्न एकत्र छापून मुलासमोर ठेवले की शीर्षक नसलेला मिश्र सराव घरच्या घरी तयार होतो. दिसायला पेढी रूक्ष आहे आणि ती शिकवत काहीच नाही, पण मला तिन्ही साधनांपैकी सर्वाधिक उपयोग हिचाच झाला.

आता घरातल्या माणसाच्या कामाविषयी. चाचणीनंतर उकल वाचली की मूल म्हणते, “बाबा, मला येत होतं, फक्त घाईत चुकलं.” हे उत्तर मान्य करून पुढे जाणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत नुकसानकारक गोष्ट आहे. घाई ही एकच चूक नसते, तिच्या पोटात अनेक निरनिराळ्या चुका असतात. ३क्ष + ६ = १५ असेल तर क्ष + २ ची किंमत किती, असा प्रश्न असतो; मूल क्ष = ३ काढते, पर्यायांत ३ दिसतो, त्यावर बोट ठेवते आणि पुढे जाते. उत्तर ५ असते. इथे गणित बरोबर आहे, काय विचारले आहे ते शेवटी पुन्हा वाचलेले नाही. दुसऱ्या उदाहरणात कंसाबाहेरचे ऋण चिन्ह आत नेताना सुटलेले असते, तिसऱ्यात त्रिज्येऐवजी व्यास घेतलेला असतो, चौथ्यात संकल्पनाच कच्ची असते. या प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. आम्ही एका वहीत प्रत्येक चुकीचा प्रश्न लिहून त्याखाली मुलीने स्वतःच्या शब्दांत कारण लिहिण्याची पद्धत ठेवली, आणि काही दिवसांनी तोच प्रश्न उकल न पाहता पुन्हा सोडवायचा असा नियम केला. वही चाळताना लक्षात येते की एकाच प्रकारची चूक वेशांतर करून परत येत असते. ती एकदा ओळखली गेली की मूल स्वतःच प्रश्नातल्या विचारलेल्या राशीखाली रेघ ओढू लागते.

या कामासाठी पालकाला प्रत्येक उदाहरण सोडवता आलेच पाहिजे असे नाही. मुलाला मोठ्याने समजावून सांगायला लावणे आणि “अगं, हे पाऊल कशावरून घेतलंस?” असे शांतपणे विचारणे बहुतेक वेळा पुरते. उकल आपण हातात घेऊन पुरी करून दाखवण्याचा मोह आवरावा लागतो, आणि आपल्या काळच्या रीतीने सोडवण्याचा आग्रहही.

एका विभागात तर पालकांनीच मुलाबरोबर नव्याने शिकावे असे मला वाटते. शालान्त अभ्यासक्रमात आपण गृहीतमध्य पद्धतीने मध्य काढायला शिकलो, पण नमुन्यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो आणि कोणता येत नाही, याचा विचार आपल्याला फारसा करावा लागला नव्हता. एसएटीत नेमके हेच विचारले जाते. एका शाळेतल्या यादृच्छिक निवडलेल्या विद्यार्थ्यांपैकी ४२ टक्क्यांना एखादा खेळ आवडतो आणि त्रुटीची मर्यादा ७ टक्के आहे, असे दिले असेल तर त्या शाळेतले खरे प्रमाण ३५ ते ४९ टक्क्यांच्या दरम्यान असणे संभवनीय आहे एवढेच म्हणता येते. संपूर्ण जिल्ह्याविषयी काहीही म्हणता येत नाही, आणि ४२ हा आकडा नेमका आहे असेही म्हणता येत नाही. तसेच, कार्यकारणाचा दावा करायचा असेल तर सहभागींची गटांत यादृच्छिक वाटणी झालेली असावी लागते. केवळ नमुना यादृच्छिक असून भागत नाही. प्रमाण विचलन काढायला सांगत नाहीत, परंतु दोन बिंदुआलेखांपैकी कोणत्यात ते अधिक आहे, किंवा टोकाची किंमत वगळल्यावर मध्य आणि मध्यक यांपैकी काय अधिक बदलते, हे विचारतात. खान अकादमीची या विषयावरची मांडणी विशेष स्वच्छ आहे आणि ती पालकांनीही पाहण्यासारखी आहे.

टाइप करायच्या उत्तरांचे नियम ब्लूबुकमध्ये दिलेले आहेत, पण मुले ते वाचत नाहीत. साडेतीन हे उत्तर मिश्र अपूर्णांकात लिहिता येत नाही. ते ७/२ किंवा ३.५ असे द्यावे लागते. दोन तृतीयांश हे २/३ असे लिहिणे सर्वांत सुरक्षित. दशांशात लिहायचे तर ०.६६६ किंवा ०.६६७ चालते, ०.६७ चालत नाही. बरोबर सोडवलेल्या उदाहरणाचे गुण अशा कारणाने जाऊ नयेत.

खान अकादमीची खानमिगो ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सोय अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना पैसे भरून घेता येते. ती थेट उत्तर न देता प्रतिप्रश्न करते हे चांगले आहे, परंतु शेजारी ऐकणारे माणूस असेल तर तिची गरज पडत नाही. खासगी वर्गांबाबत एवढेच सांगतो की आम्ही चौकशी केलेल्या एका वर्गात सराव चाचण्या कागदावरच्या आणि ठरावीक प्रश्नांच्या होत्या, म्हणजे त्यांत दुसरा भाग बदलतच नव्हता. पैसे भरण्यापूर्वी चाचण्या ब्लूबुकवरच्या आहेत का आणि चुकांची चिकित्सा कोण करणार आहे, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. घरात वेळ देऊ शकणारे कोणी नसेल, किंवा आई-वडिलांशी गणितावर बोलताना मुलाचा आवाज चढत असेल, तर चांगला शिक्षक शोधणे योग्यच आहे. त्यालाही हीच साधने वापरायला सांगावीत.

पुण्या-मुंबईहून ही परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हेच साहित्य याच स्वरूपात विनामूल्य मिळते. त्यांचे बीजगणित बहुधा पक्के असते, म्हणून त्यांनी डेस्मॉस, विदा विश्लेषण आणि लांबलचक शाब्दिक उदाहरणांचे इंग्रजी यांना अधिक वेळ द्यावा. साडेसहाशेच्या आसपास असलेल्या मुलाने खान अकादमीच्या मध्यम पातळीपासून सुरुवात करावी, त्याहून बऱ्याच खाली असलेल्याने निःसंकोच पायाभूत पातळीपासून, आणि सातशेच्या पुढे गेलेल्याने अभ्यासक्रम बाजूला ठेवून प्रश्नपेढीतले अवघड प्रश्न आणि चुकांची वही यांवरच काम करावे. ब्लूबुकची एक न पाहिलेली चाचणी परीक्षेच्या आधीच्या आठवड्यासाठी राखून ठेवावी, आणि ती परीक्षेच्याच वेळेला, म्हणजे सकाळी, त्याच लॅपटॉपवर, शेजारी कोरे कागद घेऊन द्यावी.